एस्तेरताईंचा हँडओव्हर

एस्तेरताई वाघचौरे देवाला सूचना द्यायच्या. त्यांच्या चर्चच्या मंडळीत त्याला प्रार्थना म्हणत असतील, पण मी आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहून इतकी वर्षं ऐकलंय, मला फरक कळतो. "प्रभू, उद्या शर्मांच्या पिंकीचा इंटरव्ह्यू आहे. तिला घाम फार येतो, तेवढं बघ. आणि बस वेळेवर पाठव, मागच्या खेपेस तू उशीर केलास." डोळे मिटलेले, हात जोडलेले, पण आवाज असा की वॉर्डबॉयला कामाला लावतायत.

गेल्या महिन्यात नगरहून त्यांच्या भाचीचा फोन आला. आत्या गेली म्हणाली. दुपारी जेवली, कॉटवर आडवी झाली आणि तशीच गेली. मी "अच्छा" म्हणाले. दिल्लीत राहून ही सवय लागलीय, चांगलं असो वाईट असो, तोंडातून अच्छाच येतं. फोन ठेवला आणि वर छताकडे बघत बसले. वर आता कुणी ओडिशाचे लोक राहतात, त्यांचा मुलगा चेंडू आपटत होता. म्हटलं, मनात राहिलंय ते लिहून काढावं. मी काही लेखिका नाही, शाळा आठवीत सुटली, जे शिकले ते वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून. तुम्हीही गप्पा ऐकल्यासारखं ऐका.

एस्तेरताई एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होत्या. क्वार्टर त्यांच्या नावावर. मिस्टर विलासराव कुठल्याशा हिशेबाच्या ऑफिसात होते, प्रकृतीमुळे लवकर रिटायर झाले. मूलबाळ नव्हतं. मूळचे दोघेही नगरकडचे. आम्ही साताऱ्याकडचे. जिन्यात पहिल्यांदा भेटल्या तेव्हा "सलाम" म्हणाल्या, मी गोंधळले. त्या हसल्या. "आमच्या लोकांत असंच म्हणतात, वहिनी. तुम्ही नमस्कार म्हणा, पोचतो." आणि मग माझ्या हातातली पिशवी घेऊन त्यातले टोमॅटो दाबून बघितले. "हे कुणी दिले तुम्हाला? चला, मी बघते."

"मी बघते" हे त्यांचं ब्रीद म्हणा. गॅसवाला आला नाही, मी बघते. सासूबाईंचा पाय सुजला, मी बघते. माझ्या स्वयंपाकघरात येऊन डबे त्यांच्या पद्धतीनं लावून गेल्या, मला आठवडाभर हळद सापडेना. नाताळात चांदणी टांगायला शिडीवर स्वतः चढायच्या आणि खाली विलासराव शिडी धरून उभे. "धरलीय ना नीट?" "धरलीय." "नाही धरलीत." आमचे हे म्हणायचे, सरकार नॉर्थ ब्लॉकमध्ये नाही, आपल्या डोक्यावर राहतं.

विलासराव मात्र गोड माणूस. संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे, त्यांच्या उपासनेतली गीतं अगदी आपल्या कीर्तनाच्या चालीवर म्हणायचे. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. बायकोच्या हुकुमतीवर त्यांचा एक विनोद ठरलेला होता. "वहिनी, मी या घरात पेशंट म्हणून भरती आहे. डिस्चार्ज काही मिळत नाही." त्या आतून ओरडायच्या, "आधी गोळी घ्या, मग बोला."

दुसऱ्या लाटेचा तो महिना दिल्लीतल्या माणसाला सांगायला नको. एस्तेरताई ड्यूटी करून यायच्या, जिन्यातच चपला काढायच्या, तोंडावर मास्कचे वळ. त्यातच विलासरावांना झालं. बेड कुठंच नव्हते. मग त्यांच्या मराठी मंडळीनं वर्गणी काढून एक ऑक्सिजनचं मशीन घेतलं होतं, विजेवर चालणारं, घरोघरी फिरायचं, ते आलं. वर मशीनची घरघर आणि त्याच्या बाटलीतल्या पाण्याची बुडबुड. माझ्या बेडरूमच्या छतातून ती ऐकू यायची. चार दिवस आली, पाचव्या दिवशी सकाळी बंद झाली. मी छताकडे बघून समजले.

त्या माणसाला खाली आणलं तेव्हा आम्हाला खिडकीतूनच हात जोडावे लागले.

आता जे सांगते ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पाऊस संपून थंडी लागायच्या सुमारास एकदा मी बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि वरून आवाज आला. घरघर. बुडबुड. मला वाटलं कानात भास होतोय. आमच्या ह्यांना बोलावलं, तेही ऐकत उभे राहिले. "पाहुणा असेल कुणी आजारी," म्हणाले. पण पाहुणा कुणी आलेला नव्हता, जिना माझ्या दारावरूनच जातो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा. मग रोज. मध्येच लाइट गेली की आवाज थांबायचा, आणि वर पावलं पळायची. या खोलीतून त्या खोलीत. एकट्या बाईची पावलं. लाइट आली की पुन्हा घरघर, आणि पावलं थांबायची.

शेवटी एक दिवस साबुदाण्याच्या वड्यांची ताटली घेऊन मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत कॉटवर स्वच्छ चादर, उशी, उशाशी मशीन चालू, नळी उशीवर ठेवलेली. कॉटवर कुणी नाही. आणि शेजारच्या खुर्चीत एस्तेरताई. बाहेर जायची साडी, केस बांधलेले, खांद्याला पर्स, पायात चपला. घरात चपला. ज्या बाईनं माझ्या नवऱ्याला उंबऱ्याआत बूट घातला म्हणून बाहेर काढलं होतं, त्या बाईच्या पायात.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"ह्यांना न्यायचंय," त्या म्हणाल्या. वेड्यासारख्या नाही हां. अगदी शांत, शुद्धीत. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "घाबरू नका वहिनी, मला माहितीय ते नाहीत. बसा."

मी मशीनच्या आवाजात बसले. त्यांनी सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी विलासराव म्हणाले होते, मला हॉस्पिटलला ने. त्यांनी नेलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "तिथं काय चाललंय मी रोज बघते. तिथं तुमच्याकडे बघायला कोण आहे? इथं मी आहे." ते पुन्हा म्हणाले नाहीत. सकाळी गेले.

"एकदाच म्हणाले, वहिनी. कधी काही मागितलं नाही त्या माणसानं. एकदाच मागितलं." आणि मग म्हणाल्या, "त्या वेळेला मी मशीन लावते, तयार होऊन बसते. वाटतं, या खेपेला म्हणाले की उठायचं."

वडे तिथंच ठेवले आणि खाली आले. पोळ्या करपल्या त्या दिवशी.

त्यांच्या घरी दर शुक्रवारी दुपारी बायकांची प्रार्थना असायची. मंडळीतल्या बायका यायच्या, मीही जाऊन बसायची, गाणी आवडतात म्हणून. शेवटी सगळ्या मिळून त्यांची ती प्रभूची प्रार्थना म्हणतात. ऐकून ऐकून मलाही पाठ झालेली. त्यात एक ओळ आहे, सगळं तुझ्या मनासारखं होऊ दे अशा अर्थाची. विलासराव गेल्यापासून एस्तेरताई त्या ओळीला गप्प व्हायच्या. आधीची ओळ खणखणीत, नंतरची खणखणीत, मधे ओठ मिटलेले. बाकीच्यांच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. मी ऐकणारी, म्हणून मला ते भोक दिसायचं.

एकदा त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले होते, मी चहा घेऊन गेलेली. ते समजुतीनं म्हणाले, "ताई, सगळं प्रभूच्या हाती सोपवा." एस्तेरताईंनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी कुणाच्या हाती होतं, साहेब?" पाळकसाहेबांनी मान खाली घातली. चांगला माणूस, उगाच वाद घातला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "मला उत्तर येत नाही, ताई." त्या म्हणाल्या, "मग चहा घ्या."

पुढच्या थंडीत माझ्या माहेरगावची एक पोरगी आली, सविता. नवरा फौजेत हवालदार, दिल्ली कँटला राहायची. सासूची फुप्फुसं निकामी होत चाललेली, डॉक्टरनं घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा म्हणून सांगितलेलं. भाड्यानं महाग. मी म्हटलं, चल, वर ताई आहेत, मंडळीचं मशीन त्यांच्याकडेच आहे.

एस्तेरताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते बिघडलंय."

आदल्याच संध्याकाळी मी ते ऐकलेलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सविता बिचारी साधी. म्हणाली, "बरं ताई. मग तुम्ही तरी येऊन बघाल का एकदा म्हातारीला? कुणी आपल्या भाषेत बोलणारं आलं की तिला बरं वाटतं."

नाही कसं म्हणणार? रविवारी त्यांची उपासना झाल्यावर आम्ही दोघी ऑटोनं गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीचा डालडाचा डबा. म्हातारी उशांना टेकून बसलेली, श्वास घेताना गळ्याची शीर उडायची. सविताचा नवरा प्रकाश घायकुतीला आलेला. "ताई, मी म्हणतो ॲडमिट करू. आई ऐकत नाही. तुम्ही एवढ्या मोठ्या सिस्टर, तुम्ही सांगा काय करायचं ते, आम्ही तसं करतो."

म्हातारीनं एस्तेरताईंचा हात धरला. "बाय, मला हितंच ऱ्हाऊ दे. तिकडं पडद्याआड मला मरायचं न्हाय. तू सांग ह्याला."

आता तुम्हीच बघा देवाचा खेळ. एक माणूस म्हणाला होता मला ने, ही म्हणते नेऊ नको. मला वाटलं ताई आता काहीतरी ठोकून देतील, त्यांचा स्वभावच तो. पण त्या म्हातारीचा हात हातात धरून नुसत्या बसल्या. प्रकाश वाट बघत होता. मग त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, बाळा."

"म्हणजे?"

"म्हणजे नेलं तर काय, ठेवलं तर काय, मला खरंच माहीत नाही. डॉक्टरशी बोल. आईशी बोल. मग जे ठरेल ते प्रेमानं कर."

इतक्या वर्षांत ते तीन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

परतीच्या ऑटोत धौला कुआँच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो, तेव्हा एकदम बोलल्या. "तेव्हाही मला माहीत नव्हतं, वहिनी. त्या संध्याकाळी. बिल्कुल माहीत नव्हतं. मी माहीत असल्यासारखी बोलले." आणि रडायला लागल्या. विलासराव गेल्यावर सुद्धा नव्हत्या रडल्या. ऑटोवाला आरशातून बघत राहिला, मी त्याला म्हटलं, "आप आगे देखो भैया."

त्यानंतरचा शुक्रवार. आता तुम्हाला नर्सिंगची एक पद्धत सांगायला हवी, मला त्यांनीच कधीतरी सांगितलेली. ड्यूटी संपताना सिस्टर नुसती पर्स घेऊन निघत नाही. नवीन ड्यूटीवर आलेल्या सिस्टरला घेऊन ती एकेका पलंगापाशी जाते आणि त्या पेशंटचं सगळं सांगते. काय दिलं, काय द्यायचं राहिलं, काय चुकलं. चूक लपवायची नाही, कारण लपवली तर पुढची कशी सांभाळणार. याला हँडओव्हर म्हणतात. आणि तो दिला की पलंगावरचा हात काढायचा आणि घरी जायचं. एस्तेरताईंबद्दल हॉस्पिटलात तक्रार हीच असायची म्हणे, हँडओव्हर देऊनही या घरी जात नाहीत, पुढच्या सिस्टरच्या मागे मागे फिरतात.

शुक्रवारी गाणं झालं, वाचन झालं. मग जिच्या मनात येईल तिनं प्रार्थना करायची असते. एस्तेरताई उठल्या. बायकांनी डोळे मिटले. मी नाही मिटले, मी आपली त्यांच्यात बाहेरची. त्या आतल्या खोलीच्या दारात गेल्या, कॉटच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवला आणि बोलायला लागल्या. सूचना देणारा आवाज नव्हता तो. वॉर्डातला, कामाचा, सपाट.

"विलास वाघचौरे. घरचा पेशंट. ताप उतरला होता, ऑक्सिजन उतरत होता. मशीन चालू होतं. औषधं सगळी वेळेवर दिली. संध्याकाळी पेशंटनं सांगितलं, हॉस्पिटलला ने. सिस्टरनं नेलं नाही. सिस्टरला वाटलं, आपल्याइतकं कुणी बघणार नाही. नेलं असतं तर वाचला असता का, सिस्टरला माहीत नाही. पेशंट नंतर काही बोलला नाही. सकाळी गेला. सिस्टर जवळ होती."

खाली माझ्याच घरात कुकरची शिटी झाली.

"आणि मशीन बिघडलेलं नाही. मी खोटं बोलले. एवढंच आहे, प्रभू. काही ठेवलेलं नाही मागे. पेशंट आधीपासून तुझाच होता. आता तू बघ. मी जाते."

आणि दांड्यावरचा हात काढला. बस. कुणी आमेन म्हणालं तेसुद्धा चाचरत. मग सगळ्यांनी मिळून ती नेहमीची प्रार्थना म्हटली, आणि मी त्या ओळीला कान लावून बसले. त्यांचा आवाज आला. खणखणीत नाही. जड सामान उचलताना माणसाचा निघतो तसा.

दुसऱ्या दिवशी आमचे हे आणि प्रकाश मिळून मशीन जिन्यावरून खाली नेत होते. प्रकाशनं विचारलं, ताई तुम्ही येता का लावून द्यायला? त्या म्हणाल्या, तुला एकदा दाखवलंय, जमेल. आणि वर जाऊन दार लावून घेतलं. मला धाकधूक, ही बाई आता रात्र कशी काढणार. दिवेलागणीला मी मुद्दाम बेडरूममध्ये गेले. वर शांत होतं. अशी शांतता की माझेच कान दुखले. थोड्या वेळानं पेटीचा एक सूर आला. नुसता भाता ओढून एक पट्टी दाबलेली. त्यांना वाजवता येत नव्हती. तो एकच सूर बराच वेळ.

तुम्ही म्हणाल, मग सगळं मिटलं. तसं काही नसतं. मी एकदा विचारलंच, "ताई, तो विचार येतो का अजून?" भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "येतो की. रोज येतो. पूर्वी त्याला मी उत्तर द्यायची, रात्रभर. आता म्हणते, माझ्याकडे नाही, तिकडे विचार." आणि वाकून एक किडकी शेंग बाजूला टाकली. "हलकं वाटतं का म्हणाल तर वाटतं. पण रिकामंही वाटतं हो. इतके दिवस तेच तर होतं माझ्याकडे त्यांचं."

ती म्हातारी पुढं उन्हाळ्यात गेली, घरीच, सविताच्या मांडीवर. एस्तेरताई भेटायला गेल्या, सविताला पोटाशी धरून भरपूर रडल्या आणि जेवून आल्या. मी दोन दिवस वर कान लावून होते. पण पावलं साधी होती.

मग त्यांची रिटायरमेंट झाली. क्वार्टर सोडायचा होता, भाची नगरला बोलावत होती. निघायच्या आधी ईस्टर आला. त्या दिवशी यांची माणसं पहाटे कब्रस्तानात जमतात, मेणबत्त्या लावतात, सूर्य उगवायच्या वेळेला गाणी म्हणतात. मला म्हणाल्या, वहिनी, येता का, मला पोचवायला म्हणून या. मी गेले. अंधार विरळ होत होता, थडग्याथडग्यावर मेणबत्त्या, लहान पोरं जांभया देत. विलासरावांचा दगड साधा, नाव आणि खाली एक क्रूस. त्यांनी फुलं ठेवली. गाणी झाली, ऊन आलं, कागदी कपातून चहा आणि बन वाटले. लोक पांगले. ऑटो बाहेर थांबवलेला, म्हणून मी त्यांना म्हटलं, मी फाटकाशी जाते, तुम्ही या सावकाश.

बराच वेळ झाला तरी येईनात. ऑटोवाला हॉर्न मारायला लागला. मी परत आत गेले.

त्या जमिनीवरच बसलेल्या होत्या. त्या दगडाला पाठ टेकून, पाय लांब सोडून, जसं एखादी बाई नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून अंगणात बसेल. मान कलंडलेली. कप हातातून सुटून मातीत पडलेला. चालत गेले, पळायचं धाडस होईना. जवळ जाऊन उभी राहिले आणि छातीकडे बघत राहिले. पदर वर आला. खाली गेला. पुन्हा वर आला. तोंड किंचित उघडं, बारीक घोरत होत्या. उन्हाचा एक पट्टा गालावर आलेला.

मी उठवलं नाही. फाटकाशी आले.

"माताजी, चलना है कि नहीं?" ऑटोवाला वैतागलेला.

"रुको भैया, दीदी सो रही हैं."

त्यानं माझ्या खांद्यावरून आत कब्रस्तानात बघितलं. "यहाँ?"

"हाँ," मी म्हटलं. "यहाँ."